व्हिटेकरचं 'क्लाउडबर्स्ट': पाऊस गायलेला की नुसता वाजवलेला?

षड्जपंचम: अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटेकरचं 'क्लाउडबर्स्ट' (१९९२) हे आठ-नऊ मिनिटांचं वृंदगान. उत्तरार्धात गायक चुटक्या, टाळ्या आणि मांड्यांवरच्या थापांनी पाऊस उभा करतात. मागे गडगडाटासाठी टांगलेला पत्रा हलवतात, मोठा ड्रम आणि हँडबेल्स (हातात धरून वाजवायच्या घंटा) वाजतात. 'हा स्टंट आहे, संगीत नाही' हे मी बऱ्याचदा ऐकलंय आणि मला ते अजिबात मान्य नाही. पावसाआधीचा भाग नीट ऐका. स्वराला खेटून स्वर, त्याला खेटून आणखी एक, असे गुच्छ साचत जातात आणि लवकर सुटतच नाहीत. जीव कोंडतो. पाऊस येतो तो त्या कोंडीतून. शब्द मेक्सिकन कवी ओक्टाव्हिओ पाझ यांच्या एका स्पॅनिश कवितेतले आहेत. तहानलेल्या जमिनीची कविता आहे ती.

मंद्र: असहमत. कोंडीचा भाग मलाही फार आवडतो, म्हणूनच पुढचं खटकतं. स्वरांनी करायचं काम पत्र्याकडे सोपवलं! कॅनडाचे संगीतकार आर. मरी शेफर यांचं 'स्नोफॉर्म्स' (१९८१) हे वृंदगान बघा. स्वरलिपीच्या फिकट निळ्या पानावर बर्फाचे चढउतार पांढऱ्या आकारांत काढलेत आणि मुलांचे आवाज त्यांवरून घसरत जातात. साचलेल्या बर्फाला आवाज असतो कुठे? नक्कल करायला काहीच नाही, तरी थंडी जाणवते. निसर्ग असा यावा.

दुसरी_आल्टो: मी हे गायले आहे. चुटक्या सोप्या वाटतात, पण अवघड असतं ते एकमेकींशी न जुळणं. ताल सांभाळायची सवय लागलेला हात आपोआप शेजारणीच्या ठेक्यात जातो. चार-पाच जणी जुळल्या की पाऊस गेला, नुसता ठेका उरतो. पत्र्याबाबत मात्र मंद्र यांच्याशी सहमत. जरा जोरात हलवला की आम्ही ऐकूच येत नाही.

षड्जपंचम: तो सादरीकरणातला दोष झाला, रचनेतला नव्हे. मंद्र, तुम्ही शब्दांकडे बघा ना. उघड्या डोळ्यांनी झोपायला हवं, हातांनी स्वप्न बघायला हवं, असं पाझ म्हणतात. हे गाऊन झाल्यावर त्याच गायकांचे हात पाऊस पाडतात. हे वरून चिकटवलेलं कसं? आणि शेफर यांच्याच 'मिनिवांका'त (१९७१) पाऊस, ओढे, नद्या, समुद्र ऐकू येतात की. त्यांना तरी नक्कल कुठे वर्ज्य होती?

मंद्र: पण तिथे सगळं गळ्यातून येतं. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांमधले पाण्याचे शब्दच थेंब होतात, प्रवाह होतात. माझा आक्षेप नकलेवर नाही, बाहेरून आणलेल्या आवाजावर आहे. हातांचा मुद्दा पटला, चुटक्या राहू देत. पत्रा आणि मोठा ड्रम काढून कुणी हे गायलं तर मी पहिल्या रांगेत बसेन.

षड्जपंचम: मी नाही येणार. एवढी कोंडी साठवल्यावर ढग गडगडायलाच हवेत, आणि तो दणका गळ्यातून निघत नाही.