मदत हवी आहे: अमेरिकेत फेडरल जज व्हायचं तर वाट कशी असते?

भाग्यश्री_पुणे
भाची शिकागोत लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षाला आहे. जन्म तिथलाच, नागरिकत्वही आहे. तिला फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टातली, जज व्हायचंय. आपल्याकडे एमपीएससी दिवाणी न्यायाधीशांची परीक्षा घेते, तसं तिकडे काही असतं का? खालच्या कोर्टातून वर बढती मिळते का? आणि आत्तापासून तिने काय करावं?

कलम_तीन
परीक्षा नाही आणि बढतीही नाही. डिस्ट्रिक्ट, अपील आणि सुप्रीम, तिन्ही कोर्टांत राष्ट्राध्यक्ष नाव पाठवतात आणि सिनेट ते मंजूर करते. डिस्ट्रिक्टचा न्यायाधीश अपील कोर्टात जायचा तर सगळं पहिल्यापासून. अमूल थापर २००८ मध्ये केंटकीत डिस्ट्रिक्ट जज झाले, २०१७ मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील कोर्टात गेले, तेव्हा पुन्हा सिनेटसमोर बसावं लागलंच.

घटनेत वय, पदवी, नागरिकत्व यांपैकी कशाचीच अट नाही. प्रत्यक्षात मुरलेले वकीलच घेतात.

नेमणूक तहहयात असते, त्यामुळे जागा कधी रिकामी होईल ते कुणाच्या हातात नसतं. बहुतेक जागा 'सीनियर स्टेटस'मुळे सुटतात: वय ६५ आणि नोकरी १५ वर्षं झाली की पूर्ण पगारावर काम कमी करून जागा मोकळी करता येते. म्हणून 'अमुक वयाला जज' असा बेत आखू नये. तयार राहायचं, एवढंच.

मसुदाकार
पहिल्या वर्षाचं विचारलंत म्हणून सांगतो. सगळ्यात जास्त वजन याच वर्षाच्या गुणांना असतं, कारण क्लार्कशिपचे अर्ज दुसरं वर्ष संपताच, जूनमध्ये सुरू होतात. काही न्यायाधीश तर तेवढंही थांबत नाहीत. क्लार्कशिप म्हणजे पदवीनंतर एक-दोन वर्षं न्यायाधीशांच्या हाताखाली राहून निकालांचे कच्चे मसुदे लिहिणं, कायद्याचा शोध घेणं. सक्तीची नाही, पण फेडरल न्यायाधीशांच्या कारकिर्दी चाळल्यात तर ती वारंवार दिसेल.

अर्ज बहुतांशी 'ऑस्कर' नावाच्या सरकारी पोर्टलवरून जातात. लागतं काय: बायोडेटा, गुणपत्रक, स्वतः लिहिलेला कायदेशीर मजकूर आणि दोन-तीन शिफारसपत्रं. मुलं अडतात ती शिफारसपत्रांपाशी. शंभर जणांच्या वर्गात गप्प बसलेल्या विद्यार्थ्याबद्दल प्राध्यापक लिहिणार काय? लॉ रिव्ह्यूसाठी (विद्यार्थीच संपादित करतात ते कायद्याचं नियतकालिक) प्रयत्न करावा आणि दुसऱ्या वर्षी एका प्राध्यापकाकडे संशोधन सहायक म्हणून काम करावं.

नागरिकत्व आहे हे बरं. एफ-१ व्हिसावरच्या भारतीय विद्यार्थ्यांना फेडरल कोर्टात पगारी क्लार्क म्हणून सहसा घेता येत नाही.

उलटतपासणी
क्लार्कशिपनंतर बरेच जण मोठ्या फर्मच्या पगाराकडे जातात आणि दहा वर्षांत एकदाही ज्युरीसमोर उभे राहत नाहीत. हे पुढे भोवतं. सिनेटच्या न्यायविषयक समितीची प्रश्नावली लांबलचक असते. आजवरचे सगळ्यात महत्त्वाचे दहा खटले, निकालापर्यंत नेलेले खटले किती, त्यात तुम्ही एकटे होतात, मुख्य होतात की सहायक, कामाचा किती टक्के भाग फेडरल कोर्टात होता, हे सगळं विचारतात. २०१७ च्या डिसेंबरमध्ये एका उमेदवाराला सुनावणीत खटल्याच्या प्राथमिक गोष्टी विचारल्या, उत्तरं आली नाहीत, आणि काही दिवसांत त्यांनी नाव मागे घेतलं.

म्हणून अनेक जण फेडरल सरकारी वकील होतात. त्यासाठी सहसा पदवीनंतर किमान १ वर्षाचा वकिली अनुभव मागतात, पण मोठ्या शहरांत त्याहून बराच जास्त लागतो. शिकागोचंच उदाहरण: मनीष शहा यांनी १९९८ ला तिथल्या विद्यापीठातून पदवी घेतली, मग क्लार्कशिप, २००१ पासून फेडरल सरकारी वकील, २०१४ मध्ये तिथेच डिस्ट्रिक्ट जज. सरकारी खर्चाने आरोपींचा बचाव करणारे फेडरल डिफेंडरही जज होतात.

भाग्यश्री_पुणे
बापरे. मग पक्षाचं काम करावं लागतं का? ओळख नसेल तर?

कलम_तीन
पक्षाचं सदस्यत्व लागत नाही. मात्र डिस्ट्रिक्ट जजसाठी त्या राज्याचे दोन्ही सिनेटर निळ्या कागदावर संमती देतात; ती 'ब्लू स्लिप' परत आली नाही तर नाव सहसा समितीतच अडकतं. अपील कोर्टासाठी ही अडवणूक २०१८ पासून चालत नाही. बऱ्याच राज्यांत सिनेटर वकिलांची छाननी समिती नेमतात, अर्ज तिच्याकडे जातो. तेव्हा ओळख लागते ती स्थानिक वकीलवर्गात. दर तीन वर्षांनी राज्य बदलणाऱ्याला हे जमत नाही.

छाननीतून निभावलं की व्हाइट हाउसच्या वकिलांची मुलाखत, एफबीआयची चौकशी, समितीसमोर सुनावणी, मग मतदान. २०१३ पासून साधं बहुमत पुरतं. काँग्रेसची (अमेरिकी संसदेची) मुदत संपली की मंजूर न झालेली नावं राष्ट्राध्यक्षांकडे परत जातात. तोवर सरकार बदललं तर बहुतेक वेळा विषय संपला.

एक काम मात्र आजच सुरू करायला सांगा: प्रत्येक लेख, भाषण आणि मुलाखतीची तारखेसह नोंद. प्रश्नावलीत सगळं द्यावं लागतं, आणि एखादं भाषण गाळलं गेलं तर विरोधी सिनेटर भाषणापेक्षा गाळण्यावरच जास्त बोलतात.

मसुदाकार
मॅजिस्ट्रेट जज, म्हणजे डिस्ट्रिक्ट कोर्टातलाच दुय्यम न्यायाधीश, राहिलाच की! ओळखी नसणाऱ्यांसाठी मला हीच वाट जास्त सरळ वाटते. जाहिरात निघते, अर्ज करता येतो, निवड समिती नावं सुचवते आणि डिस्ट्रिक्ट जज मतदान करून निवडतात. सिनेटचा संबंध नाही. किमान ५ वर्षांची वकिली लागते, मुदत ८ वर्षं आणि पुन्हा नेमणूक होऊ शकते. पगार डिस्ट्रिक्ट जजच्या ९२ टक्के. गंभीर फौजदारी खटला चालवता येत नाही, पण दोन्ही पक्षांची संमती असेल तर दिवाणी खटला निकालापर्यंत नेता येतो. संकेत बुलसरा २०१७ ला ब्रुकलिनमध्ये मॅजिस्ट्रेट झाले आणि २०२४ मध्ये सिनेटने त्यांना त्याच डिस्ट्रिक्ट कोर्टात डिस्ट्रिक्ट जज म्हणून मंजूर केलं.

भाग्यश्री_पुणे
सगळ्यांचे आभार. धागा भाचीला पाठवते. मराठी वाचायला तिला वेळ लागतो, तिच्या आईला वाचून दाखवायला सांगेन.