आकड्यांच्या आधी काय दिसलं? सांगली-मिरजेच्या सिस्टरांनो, लिहा

मिरजेत 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झालं. इथं नर्सिंगच्या कितीतरी पिढ्या झाल्या, पण त्यांना बेडशेजारी जे उमगलं ते ड्यूटीबरोबरच संपलं. म्हणून हा धागा. पेशंटची ओळख नको. सुरुवात मी करते.

फवारणीचे दिवस. तासगावकडचा द्राक्षबागायतदार, ऑर्गनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक पोटात गेलेलं. अ‍ॅट्रोपिनवर (या विषावरचं औषध) तिसऱ्या दिवशी छाती मोकळी, नाडी 90. सगळे म्हणाले, सुटला. अभ्रा बदलताना मी म्हटलं, "दादा, मान उचला जरा." हनुवटी हलली, डोकं उशीवरच. पुन्हा जोर लावला तर कपाळाला घाम फुटला. सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) 97 होतं! पण या विषात 24 ते 96 तासांत आधी मान जाते, मग श्वासाचे स्नायू. डॉक्टरांना फोन केला तर "थकलाय तो," असं उत्तर मिळालं. मी व्हेंटिलेटर बेडला लावून ठेवला आणि परत फोन केला. दोन तासांनी श्वासाची ट्यूब टाकली, धावपळ न होता. दहा-बारा दिवसांनी चालत घरी गेला. आता अशा प्रत्येक पेशंटला मी दर दोन तासांनी मान उचलायला लावते.

कॅज्युअल्टी, सांगली
ऊसतोड टोळीतली बाई, पहाटेपासून पोटात दुखतंय. अंगावर खूण नाही. नवरा म्हणाला, झोप झाली नाही म्हणून डोळे मिटतायत. "ताई, वर बघा." बुबुळं फिरली, पापण्या जागच्या हलेनात. खोपीत जमिनीवर झोपलेली. मण्यार! नळीत घेतलेलं रक्त वीस मिनिटांत गोठलं म्हणून निर्धास्त राहू नका. ती चाचणी घोणस-फुरशासाठी, मण्यारीचं विष नसांवर जातं.

लेबर रूम, जत
झटके आलेली बाळंतीण, मॅग्नेशियमचा (झटके रोखणारं इंजेक्शन) पुढचा डोस ड्यू. गुडघ्यावर ठोकलं, पाय उडाला नाही. श्वास 14. चार तासांत लघवी 60 मिली. औषध अंगात साठत असणार म्हणून डोस थांबवला, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट भरून ठेवलं आणि डॉक्टर मॅडमना फोन केला. ऑर्डर नसताना का थांबवलंस म्हणून बोलणी बसायला लागली. मी ते तीनच निष्कर्ष वाचून दाखवले. "येते," म्हणाल्या.

जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा), तिसरं वर्ष
वरचं वाचून कबूल करते, चार्टवर श्वास न मोजताच 20 लिहीत होते. काल रात्री माझ्या बाराही पेशंटचे पूर्ण मिनिटभर मोजले. सात नंबरच्या आजींचे 32. ताप नाही, तक्रार नाही. डॉक्टरांना उठवलं. एक्स-रेत न्यूमोनिया.