दिवसाआडचा ताप, काढा आणि मलेरियाचं औषध: तुमचं मत काय?

रविवार पेठवाला
शेजारच्या विडी कामगार बाईंचा नऊ वर्षांचा मुलगा थंडी वाजून तापला. घरच्यांनी गुळवेल-काडेचिराईताचा काढा सुरू केला. दुसऱ्या दिवशी ताप गायब, पोरगं खेळायला. तिसऱ्या दिवशी पुन्हा हुडहुडी. परत काढा, परत उतार. असे आठ दिवस गेले. काढा लागू पडतोय असं सगळ्यांना वाटलं, मलाही. रक्त तपासलं तर व्हायव्हॅक्स मलेरिया. हा ताप मुळातच दिवसाआड येतो. मधला बरा दिवस आजाराचाच, पण श्रेय काढ्याला. माझं मत स्पष्ट आहे: रीतसर चाचणी न झालेली वनस्पती मलेरियात देऊ नये.

सातवीण
अजिबात पटलं नाही. क्विनीन कुठून आलं? सिंकोनाच्या सालीतून, १८२० मध्ये. आज फाल्सिपेरम या मलेरियाच्या घातक प्रकारावर जगभर वापरतात ते आर्टेमिसिनिन चीनमधल्या झुडपातलं. ते शोधणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना वाट दाखवली चौथ्या शतकातल्या ग्रंथातल्या एका ओळीनं, आणि २०१५ मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडं हिवतापावर सातवीण, किराईत, सागरगोटा पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ते सगळं खोटं?

रविवार पेठवाला
त्या ओळीचंच बघा. तिथं उकळा असं म्हटलेलंच नाही. मूठभर पाला पाण्यात भिजवायचा, पिळून रस प्यायचा. यूयूंच्या चमूला आधीच्या अर्कांचा गुण कधी यायचा, कधी नाही. ओळ परत वाचल्यावर त्यांना शंका आली की उष्णतेनं गुण जातोय. मग कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला आणि १९७१ मध्ये उंदरांतले परजीवी साफ झाले. रुग्णांना देण्याआधी त्यांनी स्वतः घेऊन बघितला. आपण मात्र चार कपांचा एक कप होईपर्यंत आटवत बसतो.

लॅबवाली ताई
आयुष-६४ या आयुर्वेदिक औषधात सातवीण, कुटकी, किराईत, सागरगोटा हेच आहे. ते मलेरियासाठीच तयार झालं होतं. व्हायव्हॅक्समध्ये क्लोरोक्विन या मलेरियाच्या नेहमीच्या गोळीशी तुलना झाली तेव्हा मागे पडलं. काढा पिऊन आलेल्यांच्या स्लाइडवर मला तांबड्या पेशींत निळसर कडं आणि त्यावर लाल ठिपका, म्हणजे परजीवी, तसाच दिसतो. पोराच्या आईला ते सांगताना जीव तुटतो.

सातवीण
मागे पडलं म्हणून फाइल बंद? यूयूंनी पहिल्या अर्कांवरच हात टेकले असते तर? सातवीणीच्या सालीतलं नेमकं कुठलं द्रव्य, कशात काढायचं, किती मात्रेत, हे शोधायला पैसे कोण घालणार? गरिबाच्या आजारात कंपनीला नफा दिसत नाही. आणि सरकारी गोळी फुकट आहे ओ, पण रांगेत उभं राहिलं की विड्या कमी वळल्या जातात, मजुरी बुडते. काढा घरात होतो. तुम्ही बाईला दोष देताय.

आरोग्यसेविका, पूर्व भाग
मजुरीचं खरं आहे बघा. म्हणून मला वाटतं, संशोधन गोळ्यांचे दिवस कमी करण्यावर व्हावं. व्हायव्हॅक्स यकृतात दडतो, काही महिन्यांनी उलटतो. त्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस. ताप गेला की लोक गोळ्यांची पट्टी फळीवर टाकतात. मी किती घरांत बघितलंय. टॅफेनोक्विनची एकच मात्रा पुरते, अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. पण जी-सिक्स-पी-डी एन्झाइम कमी असेल तर या गोळ्यांनी तांबड्या पेशी फुटतात, म्हणून आधी तपासणी लागते. ती तपासणी वस्तीत स्वस्तात मिळू दे. शिवाय आपल्याकडं नळाला रोज पाणी नाही, टाक्या-बॅरल भरलेले. शहरातला मलेरियाचा डास अ‍ॅनॉफिलीस तिथंच वाढतो. झाकण लावा हो.

सातवीण
सेविकाताई, तुमचं पटलं. सातवीणीवरचं माझं मत तेच आहे. त्या पोराचं काय झालं?

रविवार पेठवाला
काढा बंद. क्लोरोक्विन तीन दिवसांत संपलं, ताप नाही. प्रायमाक्विनचा आज नववा दिवस. आई विड्या वळायला बसते तेव्हा पट्टी सुपाशेजारीच ठेवते, जेवण झालं की स्वतः देते. मघाशी गेलो तर उरलेले पाच दिवस बोटांवर मोजून दाखवले.