मदत हवी आहे: एकाच कढईत चिकन आणि भाज्या. पाणी सुटतं, फ्लॉवरचा लगदा, बटाटा कच्चा

घाईगडबड
आठवड्यातल्या रात्री एकाच भांड्यात चिकन आणि भाज्या करायच्या आहेत, पोळी नाहीतर पावाबरोबर खायला. कोरडंसर हवं, भाज्या दाताखाली लागल्या पाहिजेत. होतं असं की पाच मिनिटांत कढईत तळं साचतं, चिकन पांढरं पडून वातड होतं, फ्लॉवरचा लगदा होतो आणि बटाटा मात्र मधून कच्चा. आच वाढवली तरी तेच, कमी केली तरी तेच. रेसिपी नको, त्या ढीगभर आहेत. नेमकं काय चुकतंय तेवढंच सांगा. आज रात्रीच करायचंय.

तिखटमीठ
चिकन किती? हाडासकट की बोनलेस? कढई केवढी आणि कशाची? गॅस की इंडक्शन? भाज्या कोणत्या, आणि कोणती कधी घालता?

रविवारचा_रस्सा
कुकर. एक शिट्टी. विषय संपला.

घाईगडबड
नेहमीचंच चिकन, नेहमीची कढई. भाज्या घरात असतील त्या. कुकर नको, एकच भांडं म्हटलंय.

रविवारचा_रस्सा
कुकर हेही एकच भांडं असतं हो.

बीडाची_कढई
कढई नॉनस्टिक असेल तर तिथेच घोडं अडलंय. बीडाची २८ सेंमीची घ्या. जाड बूड उष्णता धरून ठेवतं, गार चिकन पडलं तरी लगेच थंड होत नाही, तुकड्यांना रंग येतो. नॉनस्टिक रिकामी कडक तापवता येत नाही, २६० अंशांच्या पुढे तिचा थर खराब व्हायला लागतो. त्यामुळे लोक ती अर्धवट तापवतात आणि चिकन परतण्याऐवजी उकडलं जातं.

तिखटमीठ
बीडाचं मान्य, पण त्यात टोमॅटो किंवा दही घालून अर्धा तास शिजवलं की रंग काळपट आणि चव लोखंडी. आंबट घालायचं असेल तर जाड बुडाचं स्टील. पण आधी धागाकर्त्यांनी उत्तर तर द्यावं. "नेहमीचं चिकन" म्हणजे काही कळत नाही.

घाईगडबड
बरं. १ किलो, करी कट, स्किनलेस, ब्रॉयलर. कढई नॉनस्टिक, २४ सेंमी. इंडक्शन, १८०० वॅट. चिकन फ्रीझरमधलं, मायक्रोवेव्हमध्ये सोडवतो, मग दही, मीठ, आलं-लसूण, तिखट, हळद लावून दहा मिनिटं ठेवतो. कढईत तेल, कांदा, दोन टोमॅटो, त्यावर चिकन आणि सगळ्या भाज्या (बटाटा, गाजर, फ्लॉवर, ढोबळी मिरची, कधी मशरूम). झाकण. वीस मिनिटं. ह्यात विशेष काय आहे?

वाफेचा_हिशोब
हे आधी सांगितलं असतंत तर धागा दोन प्रतिसादांत आटोपला असता.

कढईचं तोंड २४ सेंमी म्हणजे सपाट बूड जेमतेम १५-१६ सेंमी. त्यात १ किलो चिकन म्हणजे तुकड्यांचे दोन-तीन थर. खालचे तापतात, वरचे नुसते वाफ खातात. कच्च्या चिकनमध्ये तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी असतं. टोमॅटो आणि मशरूम म्हणजे तर ९० टक्क्यांहून जास्त पाणीच. वरून दही. हे सगळं एकदम सुटतं आणि झाकण असल्यामुळे बाहेर पडत नाही.

आता आच वाढवून उपयोग का होत नाही ते. एक वाटी, म्हणजे २०० मिली, उकळतं पाणी उडवायला सुमारे ४५० किलोजूल लागतात. १८०० वॅटच्या शेगडीतून साधारण ८० टक्के उष्णता भांड्यात पोचते असं धरलं तर ह्याला पाच मिनिटं, तीही झाकण काढून. दोन वाट्या पाणी सुटलं की दहा मिनिटं. पाणी आहे तोवर तळ १०० अंशांच्या फारसा वर जात नाही आणि चिकनला तांबूस रंग यायला १४० च्या आसपास लागतात. पाणी आटेपर्यंत फ्लॉवर गेलेलाच असतो. आच नव्हे, गर्दी कमी करा. ह्या कढईत ५०० ग्रॅम चिकन आणि ३५० ग्रॅम भाज्या, त्याहून जास्त नाही.

उगाच_विचारतो
ह्यात चिकनऐवजी पनीर चालेल का?

ओटा_आणि_मी
बटाटा कच्चा राहतो त्याचं कारण वेगळं आहे, ते कुणी सांगितलं नाही. टोमॅटो आणि दही. आंबटात बटाटा लवकर मऊ होत नाही, कडा गुळगुळीत आणि गाभा टणक राहतो. बटाटा आधी, आंबट नंतर. फोडी दोन सेंटिमीटरच्या करा, त्याहून मोठ्या नकोत. टोमॅटो घालायचाच असेल तर बटाट्यात सुरी सहज गेल्यावर. नाहीतर टोमॅटो गाळा आणि शेवटी लिंबू पिळा, कोरड्या प्रकाराला तेच बरं.

@उगाच_विचारतो, पनीर शेवटची चार मिनिटं, रबर होण्याआधी उतरवा. पण हा धागा चिकनचा आहे.

बर्लिनकर
मुळात शेगडीचा हट्ट का? ओव्हन २२० अंशांवर तापवा, मोठ्या पसरट ट्रेमध्ये बटाट्याच्या फोडी, तेल, मीठ, आधी दहा मिनिटं. मग हाडासकट लेग पीस, गाजर, फ्लॉवर एका थरात, आणखी ३५ मिनिटं. एकदाच उलटवायचं. बसून राहता येतं, ढवळाढवळ नाही. इथे स्किनसकट मिळतं, स्किनलेस असेल तर दोन मोठे चमचे तेल चोळा, नाहीतर वरून चामड्यासारखं होतं.

तिखटमीठ
धागाकर्त्यांकडे ओव्हन आहे असं कुठे लिहिलंय? आणि घरगुती ओटीजीचा ट्रे लहान, त्यात पुन्हा तीच गर्दी. तापायलाच पंधरा मिनिटं. साडेनऊचं जेवण साडेदहाला.

बर्लिनकर
तापेपर्यंत भाज्या चिरून होतात.

घाईगडबड
ओव्हन नाही. शेगडीवरचं सांगा.

ओटा_आणि_मी
मग ह्या क्रमाने, ५०० ग्रॅमचं:

चिकनवरचं दही पुसून काढा. मसाला लावायचा तर मीठ (सपाट एक छोटा चमचा), हळद, तिखट, आलं-लसूण, एवढंच. दहा मिनिटांत दही आत काही मुरत नाही, नुसतं वरून पाणी वाढवतं. मुरवायचं तर आदल्या रात्री, आणि तेही फडक्यात टांगलेलं घट्ट दही.

कढईत दीड मोठा चमचा तेल. तेल चांगलं तापलं की निम्मं चिकन, तुकड्यांमध्ये बोटभर जागा ठेवून. तीन मिनिटं हलवू नका. चिकटलं तर ओढू नका, रंग आला की बहुतेक आपोआप सुटतं. उलटवा, दोन मिनिटं, काढा. उरलेलं निम्मं तसंच. आत कच्चंच राहणार, हरकत नाही.

त्याच तेलात उभा चिरलेला कांदा, मग बटाटा, चिमूटभर मीठ. मसाल्याची पूड ह्या टप्प्यावर, आणि अर्धं मिनिटच, ती करपते ती इथेच. लगेच पाव वाटी गरम पाणी घालून तळाला चिकटलेलं लाकडी कालथ्याने खरवडा. चवीचा अर्धा भाग त्यात असतो. झाकण, बारीक आच, सहा मिनिटं.

चिकन आणि गाजर आत, पुन्हा झाकण, दहा-बारा मिनिटं. मग फ्लॉवर, पाच मिनिटं. शेवटी झाकण काढून मोठ्या आचेवर ढोबळी मिरची, तीन मिनिटं, हवं तेवढं कोरडं करा. सगळं धरून पस्तीस-चाळीस मिनिटं. मशरूम घालायचे असतील तर चिकनच्या आधी वेगळे परतून काढावे लागतात. घाईच्या दिवशी सोडून द्या.

रविवारचा_रस्सा
"काढा" कशात? ताटात. मग झाली की दोन भांडी. कुकरमध्ये चिकन आणि बटाटा, पाव वाटी पाणी, एक शिट्टी, वाफ जिरली की झाकण उघडून फ्लॉवर-गाजर पाच मिनिटं. ब्रॉयलरला एक शिट्टी पुरते. गावठी असेल तर चार-पाच, आणि तिला कढईत शिजवायच्या भानगडीत पडूच नका.

ओटा_आणि_मी
कुकरची रीत चुकीची नाही, पण ते शिजवलेलं चिकन झालं, परतलेलं नाही. त्यांना कोरडं हवंय. आणि ताट लागलं तरी शिजवायचं भांडं एकच. ताटात साठलेला रस कढईत ओतायचा. मात्र त्याच ताटात नंतर वाढू नका, अर्धं कच्चं होतं ते.

सौ_वारांची_यादी
अवांतर: आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार वर्ज्य, चतुर्थी-एकादशी वेगळी, वर श्रावण. "आठवड्यातल्या रात्री" म्हणजे नक्की कोणत्या हे लोक सांगत नाहीत.

उगाच_विचारतो
मंगळवार-बुधवार सलग आले की मंगळवारी दुप्पट करायचं ना काकू.

वाफेचा_हिशोब
दुप्पट करायला कढई दुप्पट लागते, वर लिहिलंय.

इंडक्शनबद्दल एक राहिलं. आतली कॉइल बहुतेकदा भांड्याच्या बुडापेक्षा लहान असते, म्हणून मध्ये करपतं आणि कडेला थंड. चिकन घातल्यावर पूर्ण १८०० ठीक, पण मसाल्याच्या वेळी ८०० वर आणा. नॉनस्टिकमध्ये तेल घातल्याशिवाय मोठ्या आकड्यावर ठेवू नका. आणि झाकणात पाणी घालून शिजवायची आपली जुनी पद्धत सुकट किंवा कोरड्या भाजीला उत्तम, इथे उलट पडेल. झाकण गार राहिलं की वाफेचं पाणी होऊन परत आत पडतं.

बीडाची_कढई
हाडाजवळ लालसर दिसलं म्हणून आणखी दहा मिनिटं शिजवणारे पुष्कळ असतात, वातड व्हायचं तेही एक कारण. ब्रॉयलर कोवळा असतो, हाडातला रंग बाहेर येतो, शिजलेलं असलं तरी. मांसात टोचायचा थर्मामीटर घ्या. सर्वांत जाड तुकड्यात, हाडाला न टेकवता, ७४ अंश झाले की झालं. तंगडी ८०-८५ पर्यंत गेली तर उलट मऊ होते, छातीचा तुकडा मात्र ७४ च्या पुढे गेला की कोरडा. करी कटमध्ये दोन्ही एकत्र येतात. चिकनवाल्याला फक्त लेग पीसचे तुकडे करायला सांगा, निम्मी अडचण संपते.

तिखटमीठ
हे अगदी खरं. बोनलेस थायचे तीन सेंटिमीटरचे तुकडे मिळाले तर परतल्यावर आठ मिनिटांतच होतात. मग बटाटाच सगळ्यात उशिरा शिजतो, त्याला आधी बारा मिनिटं द्यावी लागतात.

सोडवण्याबद्दल: मायक्रोवेव्हमध्ये कडा शिजतात आणि मध्ये बर्फ राहतो, तुमचं निम्मं पाणी तिथलंच. आणल्याबरोबर ५००-५०० ग्रॅमच्या पिशव्या करून दोन सेंटिमीटर जाडीच्या चपट्या गोठवा. आदल्या रात्री फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात, खाली ताटली ठेवून. विसरलात तर बंद पिशवी गार पाण्यात अर्धा-पाऊण तास, आणि मग लगेच शिजवायचं. कढईत टाकण्याआधी कागदाने टिपून कोरडं करा. एवढं एक केलंत तरी फरक दिसेल. नळाखाली खळाळून धुणं टाळा, शिंतोडे ओटाभर उडतात आणि चिकन पुन्हा ओलं.

मसालेवाली
मी हिरव्या वाटणाबद्दल सांगते. एक मध्यम जुडी कोथिंबीर, १२ लसूण पाकळ्या, दोन इंच आलं, ५ मिरच्या, अर्ध्या लिंबाचा रस, पाणी शक्य तितकं कमी. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून पिशवीत भरा. ५०० ग्रॅमला तीन खडे. पण खडा बर्फासकट चिकनवर टाकू नका, कांद्यावर टाकून पाणी आटवा.

घाईगडबड
वाटण कुणी विचारलं नव्हतं, पण चालेल. आज ५०० च करतो. प्रश्न एवढाच, किलोभर सोडवून दही लावून ठेवलंय. उरलेलं अर्धं परत फ्रीझरमध्ये टाकू का?

तिखटमीठ
मायक्रोवेव्हमध्ये सोडवलंय ना? मग कच्चं परत गोठवू नका, काही भाग कोमट झालेला असतो. उद्यावरही ठेवू नका. आजच दुसऱ्या पातेल्यात दह्यासकट बारीक आचेवर शिजवा, एक छोटा चमचा बेसन दह्यात कालवून, म्हणजे फुटणार नाही. गार झालं की दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. तीन दिवस चालेल, आणि हे शिजलेलं गोठवलं तरी हरकत नाही.

घाईगडबड
म्हणजे दोन भांडी.

तिखटमीठ
आज दोन.