पेटता डोंगर जवळून पाहिलेल्या सातारा-सांगलीकरांनो, तुमचा अनुभव लिहा

निवृत्त भूगोल शिक्षिका, कराड

३१ वर्षं मी भूगोल शिकवला. ज्वालामुखीचा धडा आला की फळ्यावर शंकू काढायचा, टोकाला धूर, पोटात लाल खडू, आणि मग खिडकीतून आगाशिवाच्या डोंगराकडे बोट दाखवून सांगायचं, "बाळांनो, आपला डोंगर असाच झालाय." गेल्या ऑगस्टात खराखुरा शंकू पाहून आले आणि कळलं, की पोरांना मी चुकीचं सांगत होते. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून हा धागा.

आम्ही पूर्व जावातल्या ब्रोमो तेंगेर सेमेरू राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. मुलगा, सून आणि मी. सुराबायाला उतरलो आणि गाडीनं चढत चढत चेमोरो लावांग या काठावरच्या गावी पोचेपर्यंत दिवस मावळला. वाटेतली शेतं बघून मी दोनदा गाडी थांबवायला लावली. भिंतीसारखा उतार, आणि त्यावर कोबी, बटाटा, कांद्याची पात. औत चालणं शक्यच नाही, सगळं काम कुदळीवर. माती मुठीत घेतली तर पिठासारखी सांडली. राखच ती, डोंगरानं वेळोवेळी उधळलेली.

थंडीची मात्र मला कुणी कल्पना दिली नव्हती. सहल ठरवून देणाऱ्यांनी "हलका स्वेटर पुरे" म्हणून सांगितलं होतं. विषुववृत्तापासून जेमतेम आठ अंशांवरची जागा, मलाही ते पटलं. पण जुलै-ऑगस्टात तिथं रात्री पारा शून्याजवळ उतरतो, गवतावर पांढरं दहिवर गोठतं. जाणाऱ्यांनी कानटोपी, हातमोजे, जाड पायमोजे न्यायलाच हवेत. माझ्या वयाच्या बायकांना तर हे मी हात जोडून सांगेन.

पहाटे तीनला जीप निघाली. पेनान्जाकानचा कडा २७७० मीटर, आपल्या महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट. उजाडलं तसं खाली एक अवाढव्य कढई दिसू लागली. तिच्यात धुकं साचलेलं, मधोमध बातोकचा चुणीदार सुळका, त्याला खेटून धूर सोडणारा ब्रोमो आणि पार मागे सेमेरू, ३६७६ मीटर, जावातला सर्वांत उंच. हे नाव आपल्या मेरू पर्वतावरूनच आलंय. थोड्या थोड्या वेळानं त्याच्या माथ्यावर करड्या ढगाचा गुच्छ फुटायचा आणि सगळे मोबाइल वर व्हायचे. याच डोंगरानं डिसेंबर २०२१ मध्ये पन्नासहून जास्त माणसांचा जीव घेतला. ते आठवलं आणि मी फोन पिशवीत टाकला.

मग कढईच्या तळाला उतरलो. मैलोन्‌मैल करडी वाळू, तिला तिथं वाळूचा समुद्रच म्हणतात. पुढं अडीचशेच्या आसपास पायऱ्या. सूनबाईनं हात सोडला नाही. वर पोचलो तर दोन माणसं कशीबशी शेजारी उभी राहतील एवढाच काठ, आणि आत खोल भोकातून धूर. चित्रात आवाज नसतो ना! भरल्या जात्याची घरघर जमिनीतून तळपायात यावी, तसा तो आवाज अंगात शिरतो. गंधकाचा वास घशात बसतो. दम्याच्या माणसानं वाऱ्याची दिशा पाहूनच वर जावं.

आणि त्या काठावर गणपती. दगडी मूर्ती, अंगावर राख, पुढ्यात फुलं.

इथले तेंगेर लोक हिंदू आहेत. कसाडा महिन्याच्या चौदाव्या दिवशी ते भाजी, फळं, कोंबड्या, शेळ्या घेऊन वर येतात आणि ब्रोमोच्या मुखात अर्पण करतात. त्यांची कथा अशी: रोरो आंतेंग आणि जोको सेगेर या जोडप्याला मूल नव्हतं. डोंगराला नवस बोलले, पंचवीस मुलं झाली, आणि शेवटचं मूल परत द्यायचं ठरलेलं. आईबापाला ते जमेना. धाकट्या केसुमाला आगीनं ओढून नेलं, तेव्हापासून हा वार्षिक नैवेद्य. मी खाली विकत घेतलेला रानफुलांचा गुच्छ आत टाकला. काय मागितलं ते सांगत नाही.

आता माझी चूक. जावाखाली समुद्राचा तळ आत सरकतो, बरोबर पाणी नेतो, त्यानं खडक वितळतो आणि वायूंनी फसफसलेला तो रस स्फोट होऊन बाहेर पडतो, म्हणून तिथं राखेचे शंकू. आपला सह्याद्री तसा झालाच नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पुराच्या पाण्यासारखा पसरला, थरावर थर. म्हणून तर आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथ्यावर सपाट. आगाशिव म्हणजे कुणा शंकूचा तुकडा नव्हे, ती थरांची चळत आहे, नद्यांनी कोरून उरलेली.

म्हणून मला तुमच्याकडून ऐकायचंय. वाहता लाव्हा कुणी डोळ्यांनी पाहिलाय का?

गलाई व्यावसायिक, विटा

बाई, मी पाहिलाय. आमची तिसरी पिढी सोनं गाळण्याच्या धंद्यात, त्यामुळं वितळलेला रस मला नवा नाही. पुतण्या अमेरिकेत असतो, तो हवाईला घेऊन गेला. तिथलं ज्वालामुखींचं राष्ट्रीय उद्यान १९१६ पासूनचं, किलाउएआ आणि मौना लोआ हे दोन्ही जिवंत डोंगर त्यात येतात. डिसेंबर २०२४ पासून किलाउएआच्या हालेमाउमाउ या विवरात थांबून थांबून कारंजी उडतायत. काही तास उडतात, मग काही दिवस गप्प. शास्त्रज्ञांची वेधशाळा तिथं १९१२ मध्ये सुरू झाली, ती अंदाज जाहीर करते, तरी नेमकी वेळ कुणाच्या हातात नसते. आम्ही हिलो गावात तीन रात्री मुक्काम टाकून बसलो. तिसऱ्या रात्री पुतण्यानं हलवून उठवलं, "तात्या, चला, सुरू झालं."

काठावरून ते विवर लांब आहे, तरी तोंडावर ऊब आली. सोनं १०६४ अंशांना वितळतं, हा लाव्हा साडेअकराशेच्या आसपास. म्हणजे माझ्या मुशीत जे असतं त्याहून थोडंच गरम! हे ऐकलं आणि मला तो डोंगर एकदम घरचा वाटला. रंग तोच. उफाळताना पिवळा, पडताना नारिंगी, वाहताना लाल. आणि रसावर साय धरते तशी क्षणात काळी साय. साय फाटली की आतून पुन्हा उजेड. चाळीस वर्षं हाताएवढ्या मुशीत जे पाहत आलो, ते तिथं तळ्याएवढं होतं. मी खाली बसलो आणि हात जोडले. तिथल्या लोकांची देवी पेले या विवरात राहते असं ते मानतात. दगड उचलून नेणं पाप, कायद्यानंही गुन्हा. मी चिमूटभर राखसुद्धा आणली नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या किलाउएआ इकी या विवराच्या तळातून चाललो. १९५९ मध्ये तिथं लाव्हाचं तळं भरलं होतं. वरून चालण्याजोगं झालं तरी ते आतून पुरतं गोठायला तीसेक वर्षं लागली. माझी मूस काही मिनिटांत गार होते. अजून तिथल्या भेगांतून वाफ येते, पावसाचं पाणी आत जाऊन तापतं म्हणून. गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्या पडलेल्या लाव्हाला ते पाहोएहोए म्हणतात, आणि खडबडीत, पाय कापणाऱ्याला आ-आ. पुतण्या म्हणाला, आपल्याकडचे भूशास्त्रज्ञ सह्याद्रीतल्या थरांनाही हीच नावं लावतात. खरं का बाई?

निवृत्त सुभेदार, कोरेगाव तालुका

मी सहलीला गेलो नव्हतो, नोकरीवर गेलो होतो. २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आमची तुकडी काँगोतल्या गोमा शहरात होती. उत्तरेला न्यीरागोंगो, ३४७० मीटर. पहिल्याच रात्री पहाऱ्यावर उभा होतो तर ढग खालून लाल. मला वाटलं गाव पेटलं. जुना जवान म्हणाला, "आण्णा, ते रोजचंच हाय. डोंगरात रसाचं तळं हाय."

शहर सगळं काळ्या दगडाचं. १७ जानेवारी २००२ ला लाव्हा सरळ शहरातून गेला, विमानतळाच्या धावपट्टीचं एक टोकही गाडलं. लोकांनी त्याच गोठलेल्या लाव्हावर परत घरं बांधली, त्याच्याच दगडांनी कुसू घातले. आमच्या गावातल्या गावकुसासारखेच, अगदी तोच काळा. मी पत्रात आईला लिहिलं होतं, की इथली भिंत बघितली की घर आठवतं.

आम्हाला कडक सूचना होती ती माझूकूची. जमिनीतून कार्बन डायऑक्साइड निघतो, हवेपेक्षा जड, खळग्यात साचतो. दिसत नाही, वास नाही. शेळ्या मरतात, खेळायला उतरलेली पोरंही मरतात. लाव्हापेक्षा त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

सुट्टीच्या दिवशी परवानगी काढून चौघं वर गेलो. तो भाग विरुंगा राष्ट्रीय उद्यानात येतो, १९२५ चं, आफ्रिकेतलं सगळ्यात जुनं. किबाटीपासून साडेपाच तास चढ, आधी जंगल, मग नुसता सुट्टा लाव्हा, पाऊल दोन इंच मागं घसरणारा. काठावरून खाली पाहिलं तर तळं उकळतंय. लाटा, फेस, सगळं लाल. रात्रभर कुणी झोपलं नाही. आमच्या वाटाड्यानं सांगितलं, १९७७ ला डोंगराच्या कुशी फुटल्या आणि तासाभरात हे तळं रिकामं झालं. या लाव्हात सिलिका फार कमी, म्हणून तो पाण्यासारखा पळतो. बाई, तुम्ही म्हणता तो पूर कसा असेल ते मला तिथं उमगलं.

मे २०२१ मध्ये तो परत फुटला, तेव्हा मी घरी टीव्हीसमोर होतो. ओळखीच्या वाटा शोधत बसलो. त्या उद्यानाचे वनरक्षक सशस्त्र टोळ्यांशी लढत जंगल राखतात, आजवर दोनशेहून जास्त जणांनी जीव दिला. आम्हाला वर नेणारे दोघं आज कुठं असतील, रोज विचार येतो.

नोकरदार, मूळची वाईची

माझा अनुभव छोटा आहे. न्यूझीलंडमध्ये टोंगारिरोची वीसेक किलोमीटरची वाट चालायला गेले आणि रेड क्रेटरच्या खालूनच परतले. वारा इतका की उभं राहता येईना. हिरव्या तळ्यांचे फोटो माझ्याकडे नाहीत, आणि परतल्याचा पश्चात्तापही नाही. २०१२ मध्ये इथल्याच ते मारी विवरातून उडालेले धोंडे एका झोपडीचं छप्पर फोडून आत पडले होते. त्या रात्री आत कुणी नव्हतं.

मला आवडलं ते वेगळंच. ही शिखरं माओरींना पूज्य. १८८७ मध्ये त्यांच्या प्रमुखानं, ते हेउहेउ तुकिनो चौथे यांनी, ती विकली जाऊ नयेत म्हणून सरकारच्या हाती सोपवली आणि त्यातून देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. माथ्यावर पाय ठेवू नका अशी आजही विनंती असते. आजी देवराईतली काटकीसुद्धा मोडू द्यायची नाही, तसंच.

गृहिणी, पाटण

सगळं वाचलं. एकच विचारते. आमच्या सासूबाई ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपातून वाचलेल्या. अजून भांडं पडलं तरी दचकतात. आपला डोंगर पुन्हा असा पेटेल का?

निवृत्त भूगोल शिक्षिका, कराड

नाही हो. सासूबाईंना खुशाल सांगा. कोयनेचे धक्के जमिनीतल्या जुन्या भेगांचे, धरणाच्या पाण्यानं चाळवलेले. त्यांचा लाव्हाशी संबंध नाही. कोयनेच्या परिसरात शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. वरचा किलोमीटरभर काळा पाषाण संपला की खाली ग्रॅनाइट, त्याहून कितीतरी जुना आणि थंड.

तात्या, तुमचा पुतण्या बरोबर बोलला. नावं तीच. घाटात रस्ता कापलाय तिथं दोन थरांमध्ये विटेसारखा लाल पट्टा दिसतो ना? एक लाव्हा गोठून त्यावर माती व्हायला वेळ मिळाला, मग दुसरा आला आणि त्यानं ती भाजली.

शेतकरी, माण तालुका

मी परदेश पाहिला नाही, पण विहिरी पाडल्यात. मुरूम सरला की मांजऱ्या, भोकाभोकांचा. त्याखाली काळा पाषाण, सुरुंगाशिवाय हटत नाही. मग लाल गेरू, आणि पुन्हा मांजऱ्या. आमच्याकडं म्हणतात, मांजऱ्या लागला की पाण्याची आशा धरावी. ती भोकं म्हणजे रसातून निघालेली हवा, हे आज कळलं. उद्या पोराला विहिरीत उतरवून दाखवतो.