मदत हवी आहे: स्वतःच्या लेखनातली प्रगती लिहायची कशी?

नमस्कार. मी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्षभरात लिहिलेले ४ निबंध समोर ठेवून ‘माझं अभ्यासलेखन कसं बदललं’ यावर १००० शब्द द्यायचेत, आणि मी पहिल्याच पानावर अडकले आहे.

बदल दिसतोय. पहिल्या निबंधाची सुरुवात होती, ‘प्राचीन काळापासून माणूस पाण्यावर अवलंबून आहे.’ मॅडमनी समासात एवढंच लिहिलं होतं, ‘मग तुझं म्हणणं काय?’ चौथ्या निबंधात मुद्दा पहिल्याच परिच्छेदात आलाय. उताऱ्यातले शब्द इकडचे तिकडे करणं म्हणजे आपल्या शब्दांत मांडणं नव्हे, हेही कळलं. आता पुस्तक मिटून लिहिते, मग पडताळते, आणि शब्द माझे असले तरी विचार ज्याचा त्याचा संदर्भ देते.

पण कागदावर नुसती यादी होते: हे शिकले, ते शिकले. स्वतःच्या अनुभवावर विचार करून लिहिण्यासाठी शिक्षणतज्ज्ञ गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेलं ६ टप्प्यांचं चक्र (वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची योजना) वापरून पाहिलं. वर्णनातच ६०० शब्द संपले!

ज्यांनी असं लिहिलंय किंवा तपासलंय त्यांना विचारते: जुनं वाक्य आणि सुधारलेलं वाक्य शेजारी ठेवून त्यावरच अख्खा परिच्छेद लिहिला तर चालेल का? आणि विरोधी मताला उत्तर देणं मला अजून जमत नाही, ते मोकळेपणानं लिहू का? लिहावंसं खूप वाटतं, पण गुण जातील अशी भीतीही आहे. शुक्रवारी द्यायचंय.