मदत हवी आहे: डिंका भाषेतलं ‘के’ नक्की काय आहे?

मंडळी, सेमिनारसाठी डिंका घेतली आहे. दक्षिण सुदानमधली निलोटिक भाषा. माझी भिस्त तिच्या बोर बोलीवरच्या व्हॅन उर्क आणि रिचर्ड्स यांच्या २०१५च्या लेखावर आहे.

कळलंय ते असं. वाक्यात काळ दाखवणाऱ्या क्रियापदाआधी किंवा सहायक क्रियापदाआधी एकच पद बसतं, जर्मनसारखं. जर्मनमध्ये ‘दास’ (आपलं ‘की’) आलं की हा नियम गळतो, डिंकात तो आतल्या उपवाक्यातही टिकतो. आतलं पद प्रश्नासाठी पार बाहेर नेलं, तर वाटेतल्या प्रत्येक उपवाक्याची ती पहिली जागा रिकामी ठेवावी लागते. म्हणजे पद तिथे थांबून पुढे गेलं. इथवर ठीक.

आता घोळ. नेलेलं पद अनेकवचनी असेल, तर वाटेत मुख्य क्रियापदाच्या अगदी आधी ‘के’ उमटतं. एकवचनी असेल तर काहीच नाही! याला आपल्या ‘त्यांना’सारखं, म्हणजे बाहेर नेलेल्या पदाच्या मूळ जागी ठेवलेलं सर्वनाम म्हणता येईल का? ‘जी मुलं तू म्हणालास की सरांनी त्यांना बोलावलं, ती आलीच नाहीत.’ सर नाही म्हणतात, कारण सांगत नाहीत.

प्रतिसाद:
सर बरोबर आहेत. तुझ्या वाक्यात ‘त्यांना’ एकदाच येतं, तेही ‘बोलावलं’च्या कर्माच्या जागी. डिंकात आतल्या उपवाक्यातलं अनेकवचनी कर्म बाहेर काढ, ‘के’ वरच्या ‘म्हणणे’पाशीही दिसेल. मुलं काही ‘म्हणणे’चं कर्म नव्हेत, मग तिथे ‘के’ आलं कुठून? पद तिथून गेलं म्हणून.

एकवचनी पदही तिथे थांबतं हे दाखवायला ‘देणे’सारखं दोन कर्मांचं क्रियापद घे. सहायक असला की एका कर्माला मुख्य क्रियापदाआधी यावंच लागतं. पण त्यातलं एक बाहेर नेलंस, की उरलेल्याला तिथे बसता येत नाही, ते क्रियापदानंतरच राहतं. नेलेलं कर्म एकवचनी असलं तरी हेच. म्हणजे थांबायची जागा तीच, एकवचनाचा आवाज तेवढा येत नाही.

धागाकर्ता:
वा, ‘देणे’ची युक्ती भारी. पण उदाहरणं फक्त प्रश्नांचीच द्यायची का?

प्रतिसाद:
नको. संबंधी उपवाक्यं (तुझ्या ‘जी मुलं…’सारखी) आणि विषय पुढे आणलेली वाक्यंही घे, तिथेही ‘के’ येतं. पहिला शंकेखोर नेमकं हेच विचारणार.